सातव्या महिन्यात चालू ठेवलेलं मशीन

धुकेबंदर बंद पडलं की शिव्या खायला पेइचू, आणि चालू असलं की तिची आठवण कुणालाच नाही. फुकट केलेल्या कामाचं हे असंच असतं. कीलुंग बंदरातून लांबच्या समुद्रावर गेलेले खलाशी आणि मागे घरी राहिलेली त्यांची माणसं यांच्यात निरोपांची ने-आण करणारी ही सेवा. च्वांगदादांनी ती उभी केली तेव्हा ते जहाजावर रेडिओ सांभाळत. आता निवृत्त झाले होते, गुडघ्यांनी बेजार होते, आणि तरी सर्व्हरचा जीव त्यांना स्वतःच्या जिवापेक्षा प्यारा होता. पेइचू दिवसा एका कस्टम एजंटाकडे कारकुनी करायची आणि उरलेला वेळ धुकेबंदराला वाहायची. लग्न केलं नाही ते बरं झालं, असं तिची आई म्हणायची, नाहीतर नवऱ्याला रांगेत उभं राहावं लागलं असतं.

ना फोटो, ना व्हिडिओ, धुकेबंदरावर नुसती अक्षरं चालायची. म्हणून तर जहाजावरच्या रडतखडत चालणाऱ्या सॅटेलाइट नेटवरूनही निरोप निघायचा. मोठमोठी चकचकीत ॲप तिथे मान टाकत.

पण मशीन म्हातारं झालं होतं. च्वांगदादांच्या भावाचं जाळ्यांचं दुकान होतं, त्याच्या माळ्यावर ते धापा टाकत बसायचं. त्यातलं सॉफ्टवेअर ज्यांनी लिहिलं त्यांनी कधीच त्याचा नाद सोडला होता. वसंतापासून तर दर आठवड्याला काहीतरी बिघाड. बिघाड झाला की पहिला फोन युएथाओवहिनींचा. देवळामागच्या बाजारात त्यांची माशाच्या गोळ्यांच्या सूपची गाडी, आणि नवरा थियेनफू हिंदी महासागरात एका ट्यूना पकडणाऱ्या जहाजावर मुख्य इंजिनिअर.

"काय गं पेइचू, तुमचं बंदर परत बुडालं?"

"वहिनी, जरा दम धरा. वर काढतेय."

"वर काढ, वर काढ. माझं त्याला शिव्या द्यायचं राहिलंय."

शिव्यांना कारण होतं. मागची सफर शेवटची, असं थियेनफूनं कबूल केलं होतं आणि मग गुपचूप पुढच्या सफरीवर सही ठोकली होती. बॅग भरलेली दिसली तेव्हा वहिनींना कळलं. "जा, मासोळ्यांशीच संसार कर," असं म्हणून त्या धक्क्यावर पोचवायलाही गेल्या नाहीत.

शेवटी पेइचूनं तायपेमध्ये भाड्याचं नवं मशीन घेतलं आणि नवं सॉफ्टवेअर बसवलं. सगळी नावं, सगळे जुने निरोप तिकडे हलवायचे होते, आणि तेही चांद्र पंचांगातला सातवा महिना लागायच्या आत. सातव्या महिन्यात आमच्याकडे कुणी घर बदलत नाही, लग्न करत नाही, पाण्यात उतरत नाही. चांगले भाऊ मोकळे सुटलेले असतात. भूत हा शब्द त्या महिन्यात उच्चारायचा नाही, चांगले भाऊच म्हणायचं. पेइचूनं डोळ्यांत तेल घालून काम उरकलं. नवं मशीन चालू झालं, निरोप सुरळीत धावायला लागले, आणि महिना लागला.

"आता जुनं बंद करून टाकते," ती म्हणाली.

च्वांगदादा चहा पिता पिता थांबले. "या महिन्यात? वेड लागलं का तुला? इतकी वर्षं राबलंय ते. महिना संपू दे, फळं ठेवू, उदबत्ती लावू, नीट निरोप देऊ."

"दादा, मशीन आहे ते. तुमची आत्या नाही."

"आत्यानं एवढं काम केलं नाही कधी."

जुन्या मशीनवर मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवलेली असायची. मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे सगळेच ठेवतात, बँकासुद्धा. दादांनी त्या दिवशी जुनी पुडी काढून ताजी ठेवली. पेइचू हसली आणि विषय सोडला. चालू राहिलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? वीज थोडी जास्त जाईल, एवढंच.

महिन्याच्या मध्यावर कधीतरी वहिनींचा फोन आला. या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

"बंदर बंद आहे का गं?"

"नाही वहिनी, आता नवं मशीन आहे. ठणठणीत आहे. थांबा, बघते." तिनं नव्या मशीनवर थियेनफूचं नाव काढलं. त्याच्याकडून काही नव्हतं. वहिनींनी त्याला पाठवलेला एक निरोप मात्र तसाच पडून होता, त्यानं घेतलेलाच नव्हता. जहाज रेंजच्या बाहेर असेल, असं तिला वाटलं. "त्यांच्याकडून काही आलेलं नाही."

"नक्की?"

"शंभर टक्के. आलं असतं तर मला दिसलं असतं."

पलीकडे गाडीवरच्या पातेल्याचं झाकण आपटल्याचा आवाज आला. "मग रुसलाय. रुसू दे. एकदा लिहिलं मी, आता म्हाताऱ्याला वाटतंय मीच पुन्हा बोलेन. मेले तरी बोलणार नाही."

त्यानंतर आठवड्याच्या आत कंपनीतून त्यांना फोन गेला. थियेनफू वारला होता. ताप आला, हृदय बंद पडलं, असं कंपनीचा माणूस म्हणाला. जहाज बंदराला लागेपर्यंत त्याला माशांसोबत शीतगृहात ठेवलं होतं. मॉरिशसला दहन झालं आणि महिना संपता संपता रक्षेचं मडकं विमानानं आलं.

वहिनी रडल्या नाहीत. गाडी एक दिवसही बंद ठेवली नाही. पेइचू भेटायला गेली तेव्हा त्या गोळे वळत होत्या आणि वळता वळताच बोलल्या, "नव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी धक्क्यावर विधी आहे. समुद्रात गेलेल्याला हाक मारून घरी बोलवायचं असतं, बायकोनं. दिरांना सांगितलंय मी, तुम्ही मारा. मी मारणार नाही."

"वहिनी, असं नका करू. तुम्ही हाक मारली नाही तर ते यायचे कसे?"

"महिनाभर एक अक्षर लिहिलं नाही त्यानं. जाताना माझ्याशी भांडला आणि भांडलेलाच गेला. माझ्याशी बोलायचं नव्हतं त्याला. मग आता माझ्या हाकेला येईल कशाला?" गोळा त्यांनी उकळत्या पाण्यात टाकला. "पाण्यातच राहू दे."

पेइचूनं गोळ्यांचं ताट त्यांच्याजवळ सरकवलं. तिनंच तर सांगितलं होतं, काही आलेलं नाही म्हणून.

महिना संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दादा माळ्यावर पेरू, अननस आणि तांदळाची दारू घेऊन आले. जिना चढताना गुडघ्यांना आणि जिना बांधणाऱ्याला शिव्या घातल्या. उदबत्ती लावली. पेइचूनं बंद करण्याआधी एकदा शेवटचं म्हणून जुन्या मशीनमध्ये डोकावलं. तिथे काही असायचं कारणच नव्हतं, सगळं रिकामं आणि थांबलेलं असायला हवं होतं.

एका पेटीत न उचललेले निरोप होते. पेटी युएथाओवहिनींची. पाठवणारा थियेनफू.

"दादा," ती म्हणाली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

दादांनी चष्मा लावून वाचलं. हाताला गळ लागला, फार नाही. मग सूज आली, कोपरापर्यंत. कॅप्टन म्हणतो मासा चांगला लागतोय, आठवडाभर कळ काढ. कंपनीशी बोलायचा सॅटेलाइट फोन त्याच्याच खिशात असतो. तू कंपनीत जा, तुझ्या तोंडापुढे मॅनेजर टिकायचा नाही, तो सांगेल तर हा जहाज वळवेल. मग: गेलीस का? मग: स्वयंपाकी पेज करून देतो, घशाखाली जात नाही. मग: रागावलीस ना, बरोबर आहे तुझं, पण एक शब्द तरी लिही. मग: हाताला वास येतोय. आणि शेवटचा: पुन्हा सही करणार नाही. खरंच.

दादा खोक्यावर बसले. "नंबर मीच घालून दिला होता त्याच्या फोनमध्ये. जहाजावरून धुकेबंदर या नावानं जोडायला फार वेळ लागतो म्हणून या जुन्या मशीनचा नंबरच टाकला. बाकी कुणाच्याच फोनमध्ये असं नाही. नावानं जोडणारे आपोआप नव्या मशीनवर गेले, आणि हा एकटा इथे राहिला."

"मी सूचना लावली होती ना, पत्ता बदला म्हणून."

"कुठे लावलीस?"

पेइचूनं फोन काढून पाहिलं. सूचना तिनं नव्या मशीनवर लावली होती. जुन्या घरात राहणाऱ्यासाठीची पाटी नव्या घराच्या दारावर.

आणि जुनं घर रिकामं असूनही प्रत्येक निरोप घेत होतं, वहिनींच्या पेटीत ठेवत होतं, आणि इमानदारीत त्याला कळवत होतं की पोचला. बंद असतं तर त्याला कळलं असतं की जात नाहीये. त्यानं कॅप्टनचे पाय धरले असते, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लिहिलं असतं, काहीतरी केलं असतं. पोचला असं दिसत होतं म्हणून तो बायकोची वाट बघत राहिला.

दादांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग दादा हळूच म्हणाले, "पुसून टाक."

"काय?"

"माणूस गेला, पेइचू. तिला आता हे दाखवून काय मिळणार? आत्ता नुसता राग आहे तिला. रागावर माणूस जगतं. हे वाचलं तर जगायची नाही ती."

"तुम्ही तिच्यासाठी म्हणताय की आपल्यासाठी?"

दादांचा चेहरा पडला. "दोन्हीसाठी," ते म्हणाले. खोटं बोलायची त्यांना कधी सवयच नव्हती.

पेइचूनं विचार केला नाही असं नाही. एका बटणाचं काम होतं, आणि जगात कुणाला पत्ता लागला नसता. पण उद्या धक्क्यावर वहिनी तोंड मिटून उभ्या राहणार होत्या, आणि तो माणूस पाण्यातच राहणार होता, तिच्या शंभर टक्क्यांमुळे. तिनं सगळे निरोप आपल्या फोनवर घेतले. मग मशीनची वायर उपटली. पंखा घरघरत थांबला. पेरू-अननस कुणी खाल्ले नाहीत.

वहिनी गाडी आवरत होत्या. पेइचूनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, दादांचं नाव न घेता, आणि फोन त्यांच्या हातात दिला. वहिनींनी हात ॲप्रनला पुसून घेतला आणि वाचायला लागल्या. हळूहळू वाचलं, एकेक ओळ बोटानं वर सरकवत. शेवटपर्यंत गेल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"त्याला काय दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"त्याच्या फोनवर. मेसेज पाठवला की काय दिसायचं त्याला?"

पेइचूला पळून जावंसं वाटलं. "पोचला असं दिसायचं."

"प्रत्येक वेळी?"

"हो."

"म्हणजे मला मिळत होतं आणि मी गप्प बसले होते. असं समजून गेला तो."

"हो वहिनी."

वहिनींनी फोन परत दिला. पातेली एकात एक घातली, गॅसची तोटी बंद केली, स्टूल उलटे करून टेबलावर ठेवले. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "उद्या धक्क्यावर ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर वारा होता. पुरोहितानं घंटी वाजवली. थोरल्या दिरानं मडक्यावर काळी छत्री धरली होती, आणि बांबूच्या फांदीला थियेनफूचा इंजिनरूममधला शर्ट बांधलेला होता. च्वांगदादा आले होते, पण लांब, साखळदंडाच्या खांबाला टेकून उभे होते. वहिनी पुढे झाल्या आणि पाण्याकडे बघून ओरडल्या, "थियेनफू! घरी चल!" आवाज फाटला. "ऐकतोयस ना? घरी चल!"

मग त्यांनी दोन लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या. एक उताणी आणि एक पालथी पडली की तो आला असं समजायचं. दोन्ही पालथ्या पडल्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा पालथ्याच. त्यांनी पुन्हा हाक मारली, पुन्हा टाकल्या. पुरोहित घसा खाकरायला लागला. दीर एकमेकांकडे बघेनात. वहिनींचे गुडघे सिमेंटवर टेकून टेकून सोलले होते.

"येत नाहीये तो," त्या म्हणाल्या. "रागावलाय माझ्यावर."

मग त्यांनी वळून पेइचूला शोधलं आणि चंद्रकोरी तिच्या हातात कोंबल्या.

"तू सांग त्याला. मला सांगितलं होतंस ना, काही आलं नाही म्हणून? आता त्याला सांग."

सगळे पेइचूकडे बघत होते. ती गुडघे टेकून बसली. पाण्यावर तेलाचा तवंग होता. आयुष्यात कितीतरी लोकांचे निरोप तिनं ने-आण केले होते, पण असा कधी नाही.

"थियेनफूदादा," ती म्हणाली, "वहिनींना मिळालंच नव्हतं. एकही नाही. त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी जुनं मशीन न बघताच नाही म्हणाले. तुमचे मेसेज आमच्याकडे पडून होते. त्या गप्प नव्हत्या बसल्या. मिळालं असतं तर कंपनीचं दार तोडलं असतं त्यांनी." तिनं चंद्रकोरी टाकल्या.

एक उताणी, एक पालथी.

पुरोहितानं सुटकेचा श्वास टाकून घंटी वाजवली. दिरांनी छत्री सावरली. वहिनींनी वाकून मडकं उचललं, मुलाला घ्यावं तसं छातीशी धरलं आणि त्याच्याशी काहीतरी पुटपुटल्या. पेइचू अजून जमिनीवरच होती. तिनं वर बघितलं, बहुतेक वहिनी हात देतील अशा आशेनं.

"त्यानं ऐकलं तुझं," वहिनी म्हणाल्या. "माझ्याकडे इतक्यात येऊ नकोस."

आणि नवऱ्याला घेऊन त्या घराकडे चालायला लागल्या.