नांग्यामावशी

"आई, तू वर येऊ नकोस म्हटलं होतं ना?" पांढऱ्या रंगानं भरलेला डबा आणि ब्रश खाली ठेवत लेक म्हणाली.

"म्हणाली होतीस. ऐकलं मी," धाप लागलेली आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणि आले."

टेकडीवरचं पाइनचं जंगल आईच्या हातचं होतं. नव्या लागवडीतली काही रोपं उन्हाळ्यात मरायची. त्या रिकाम्या जागा, म्हणजे नांग्या, नव्या रोपांनी भरायच्या हे तिचं काम. बाकीची माणसं ओळ संपली की घरी जायची. ही ओळ तपासत उलटी यायची आणि राहिलेली फट हेरायची. ‘नांग्यामावशी’ हे नाव थट्टेनं पडलं ते निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. तिनं एक फट शिल्लक ठेवली नव्हती, आणि आता तेच नडत होतं.

लेक अग्निशमन दलात होती. गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या डोंगरावरची आग दाट झाडांच्या शेंड्यांवरून धावत खालच्या वस्तीत उतरली, तेव्हा ती विझवायला तिथंच होती. या टेकडीच्या पायथ्याशीही वस्ती होती, आणि तिच्यात या मायलेकींचं घर. म्हणून आग अडवायला जंगल आणि वस्तीच्या मध्ये रुंद मोकळा पट्टा पाडायचं ठरलं होतं. लेकीनं रंगानं खुणा केलेली झाडं उद्या कापली जाणार होती. आई आठवडाभर भांडली. झाडांनी माती धरली, सावली दिली, आता गुन्हेगार तीच का, असं तिचं म्हणणं. लेकीनं वाद घातला नाही. पलीकडच्या वस्तीत काय उरलं, तेवढंच सांगितलं.

आई वाकली आणि जमिनीवर साचलेल्या पाइनच्या वाळक्या, सुईसारख्या पानांत तिनं हात घातला. मनगट बुडालं तरी माती लागेना. पेटायला एक ठिणगी पुरली असती.

"दे तो ब्रश," ती म्हणाली. "तुझ्या हातानं कुंडीतलं रोपटंसुद्धा कधी जगलं नाही."

"म्हणून तर आग विझवायला गेले."

आई हसली आणि सवयीनं खुणांची ओळ तपासत उलटी निघाली. मध्येच थांबली. काही खोडं कोरी होती.

"ही का सोडलीस?"

"बाबांनी लावलेली आहेत." लेक डब्याकडे बघत होती. "त्यांचं म्हणून तेवढंच उरलंय. एवढ्यानं काही होत नाही."

"आग तुझ्या खात्यातली. खरं सांग."

लेक म्हणाली, "आग येईल ती इथूनच येईल."

आईनं ब्रश बुडवला. एकेका खोडावर आडवा, ठसठशीत पट्टा ओढत गेली. शेवटच्या झाडाची साल एका बाजूनं गुळगुळीत झाली होती. जेवणाच्या सुट्टीत नवरा तिथं पाठ टेकून बसायचा. तिनं तळहात क्षणभर तिथं ठेवला, मग काढला आणि त्याच जागी रंग दिला.

ब्रश लेकीच्या हातात देऊन तिनं मागे वळून ओळ पुन्हा एकदा नजरेखालून घातली. कुठंही फट राहिली नव्हती.