सात नंबरभोवतीचा गोल

"एकूण विजय दोनशे नव्व्याण्णव, अजिंक्यपदं सहा, आणि उद्याचा सामना जिंकल्यास..." मानपत्राचा मसुदा वाचता वाचता हेडक्लार्क थांबले आणि स्वतःच हरखून म्हणाले, "पूर्ण तीनशे! बाई, पार्टी कधी?"

"एक कमी करा," बाई म्हणाल्या.

"काय कमी करा?"

"विजय. दोनशे अठ्ठ्याण्णव लिहा."

प्राचार्यांनी खुर्चीतून मान वर केली. एकतीस वर्षं कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवणाऱ्या या बाईंना पाठीमागे सगळे शिट्टीबाई म्हणत. घरी नवरासुद्धा शिट्टी वाजल्यावरच जेवायला येतो, अशी वदंता होती. उद्या त्यांचा शेवटचा सामना आणि परवा निवृत्ती. तीनशे विजय झाले तर नव्या कोर्टला बाईंचं नाव द्यायचं, असा ठराव संस्थेकडून करून घेताना प्राचार्यांच्या नाकी नऊ आले होते. आता ऐनवेळी हे काय काढलं, म्हणून त्यांना घाम फुटला.

"नऊ वर्षांपूर्वी आपण एका पॉइंटनं जिंकलो, आठवतंय?" बाई म्हणाल्या. "बास्केट टाकताना आपल्या कॅप्टनचा पाय तीन पॉइंटच्या रेषेवर होता. पंचांनी दोन बोटं दाखवली. म्हणजे दोनच पॉइंट. पण टेबलावरच्या पोरीनं गुणपत्रिकेत कॅप्टनच्या सात नंबरभोवती गोल काढला. गोल म्हणजे तीन. मॅच संपल्यावर मी तो कागद पाहिला. पंचांची सही होईपर्यंत हरकत घेता येते. मी पाण्याची बाटली शोधत बसले."

"अहो, पण मग बरोबरी झाली असती! जादा वेळ मिळाला असता, कदाचित तुम्हीच जिंकला असता."

"कदाचित. कदाचितला विजय म्हणत नाहीत, सर."

"गाडलेली मढी कशाला उकरायची?" हेडक्लार्क कळवळून म्हणाले. "कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"नाही ना? म्हणून तर सांगतेय. कागद द्या."

बाईंनी उभ्या उभ्याच पत्र लिहिलं आणि आवक नोंदीचा शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबल सोडलं नाही. उद्या कुणाचं मन बदलायला नको, अगदी स्वतःचंसुद्धा, असा त्यांचा हिशेब होता.

कॉलेजात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. बाई कोर्टवर पोचल्या तेव्हा त्यांची सहायक कोच चेंडूंची जाळी तशीच टाकून उभी होती. नऊ वर्षांपूर्वीची ती कॅप्टन हीच. परवापासून टीम तिच्या हातात जायची होती.

"बाई, का केलंत असं? तुमच्या नावाच्या कोर्टवर शिकवायचं होतं मला."

"नाव नसलं म्हणून काय कोर्ट वाकडं होतंय?"

ती हसली नाही. खाली बघत म्हणाली, "माझा पाय रेषेवर होता. मला तेव्हाच कळलं होतं."

बाई एकदम तिच्याकडे बघायला लागल्या. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कागद बघितलात. मी मागेच उभी होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं, बाईंना जास्त कळतं. असंच करायचं असतं."

बाईंना चेंडू छातीवर बसावा तसं झालं. पाय कसा टाकायचा, मनगट कुठे सोडायचं, हरल्यावर हात कसा मिळवायचा, हे सगळं त्यांनी या मुलीला घोटून घोटून शिकवलं होतं. आणि तिनं न शिकवलेलंच बरोबर उचललं होतं. त्या क्षणी बाईंना स्वतःची मनापासून लाज वाटली.

पण लाजत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी जोरात शिट्टी मारली. बारा मुली धावत आल्या. बाईंनी त्यांना रेषेवरच्या पायापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "तुमच्या या ताईला मी चुकीचं शिकवलं. झालं. आता पळा, दहा फेऱ्या."

दुसऱ्या दिवशी मुलींनी सामना चार पॉइंटनी जिंकला. माइकवर हेडक्लार्क जड आवाजात म्हणाले, "बाईंचा हा दोनशे नव्व्याण्णवावा विजय." काय झालंय ते ठाऊक नसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. टाळ्या थोड्या उशिरानं आणि तुटक तुटक वाजल्या. बाई मात्र सरळ ताठ उभ्या राहिल्या. आकडा त्यांनी नीट कान देऊन ऐकला.

टेबलापाशी पंचांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा जरा," सहायक कोच म्हणाली. तिनं गुणपत्रिका स्वतःकडे ओढली आणि पहिल्या बास्केटपासून एकेका आकड्यावर बोट ठेवत निघाली.

"मॅडम, आपणच जिंकलोय ना?" एक मुलगी बाईंच्या कानाशी कुजबुजली. "मग ताई काय बघतेय? चला ना फोटोला."

"फोटो पळून जात नाही. तिला वाचू दे."

लोक पांगू लागले. हार घेऊन उभे असलेले प्राचार्य घड्याळ बघत होते. बोट कागदावरून सावकाश सरकत होतं. बाई बाकावर टेकल्या. सवयीनं त्यांची नजर टेबलाकडे वळली, पण तिथे जाऊन बघावं असं त्यांना वाटलं नाही. मॅच संपल्यावर आपल्याला काही काम उरलेलं नाही, असं एकतीस वर्षांत आज पहिल्यांदाच झालं होतं.