उशाशी कोण होतं

अख्ख्या जगाचा तो दादा होता, ताईचा मात्र बारक्या. स्वतः लिहायचा, स्वतः चाल लावायचा आणि गिटार घेऊन स्वतःच गायचा. तो गेल्याला पाच दिवस झाले होते आणि शोकसभेला मुंगी शिरायला जागा नव्हती. ताई चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आली होती आणि पहिल्या रांगेत बसून रडत होती. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं रडू रागाचं होतं.

राग होता त्या ‘उशाशी’ गाण्याचा. त्याच गाण्यानं बारक्याचं नाव घराघरांत पोहोचवलं. त्यात मुलगा शेवटच्या दुखण्यातल्या आईच्या उशाशी बसतो, तिची नखं कापतो. करंगळीला जरा लागतं, तर आई म्हणते, राहू दे, त्या बोटाला कुठं काय काम असतं. ऐकून दगडालाही पाझर फुटावा. पण उशाशी एकवीस दिवस बसली होती ती ताई. नखं तिनं कापली, करंगळीला लागलं ते तिच्या हातून. बारक्या दौऱ्यावर होता, आला तो सगळं आटोपल्यावर. ज्याला स्वतःची नखं कधी धड कापता आली नाहीत, तो आईची काय कापणार? त्याचं मन त्याला खाऊ नये म्हणून ताईनं त्याला समोर बसवून सगळं बारीकसारीक सांगितलं, अगदी आपणही तिथंच होतो असं त्याला वाटेपर्यंत. इथंच ती चुकली.

गाणं आलं तेव्हा तिनं त्याला चांगलं धारेवर धरलं. तो कान पकडून म्हणाला होता, “गाण्यात ‘मी’च लागतो गं, ताई. पण एक दिवस स्टेजवरून सगळ्यांना सांगेन. शप्पथ.”

एकोणीस वर्षं ती प्रत्येक कार्यक्रमाला मूग गिळून बसली. तो दिवस काही उगवला नाही आणि आता तर सांगणाराच गेला. बाकी भाऊ म्हणून लाखात एक, पण इथं त्यानं केसानं गळा कापला होता. आज माइक मागून घ्यायचा आणि आपणच सांगायचं, असं तिनं घरून निघतानाच ठरवलं होतं.

गाणं सुरू झालं, सगळं सभागृह उभं राहून गाऊ लागलं. ताई स्टेजच्या पायऱ्यांकडे निघाली, तेवढ्यात बारक्याच्या मुलीनं तिचा दंड धरला. आजी गेली तेव्हा ही जन्मलीही नव्हती.

“आत्या, बाहेर बसू या का? हे गाणं तू नको ऐकूस.”

का म्हणून, ताईनं विचारलं.

“बाबांनी सांगितलंय मला. तू तेव्हा पोचू शकली नव्हतीस.” तिनं आवाज खाली आणला. “पण त्यांनी तुला कधीच दोष दिला नाही. म्हणायचे, ताईपुढं तो विषय काढू नका, तिला लागतं.”

ताईच्या पायांखालची जमीन सरकली. गाण्यातलं तिनं कसंबसं पोटात घातलं होतं. पण घरात? पोटच्या मुलीला? आईचा विषय निघाला की भावाच्या घरची माणसं गप्प व्हायची, तिला आग्रहानं वाढायची. ती त्याला माया समजत आली होती.

“मी होते गं तिथं,” ताई म्हणाली. “एकवीस दिवस. मीच होते.”

भाचीचे डोळे भरून आले. तिनं ताईला जवळ घेतलं.

“हो, आत्या,” ती म्हणाली, “मनानं तू तिथंच होतीस.”