काहीही न जळणारं घर

देवदत्त माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक त्याला शिव्या घालतात, आणि शिव्यांनी काही परत येत असतं तर आणखी काय हवं होतं! बायकोवर त्यानं कधी आवाज चढवला नाही. सासू यायची म्हटल्यावर विमानतळावर तासभर आधी जाऊन उभा राहिला, हातात तिच्यासाठी जाडजूड कोट घेऊन. त्याला खोड एकच होती. त्याला जगाची काळजी वाटायची. तीही तोंडदेखली नाही, खरीखुरी, रात्रीची झोप उडावी अशी.

कॅनडातल्या रेजिना शहरातलं त्याचं घर त्या काळजीतूनच उभं राहिलं होतं. भिंती हातभर जाड, खिडक्यांना तीन-तीन काचा, आणि फट म्हणाल तर औषधालाही नाही. शेजाऱ्यांच्या बेसमेंटमध्ये घर तापवायचे गॅसचे फर्नेस दिवसरात्र धडधडत असायचे. यानं गॅसची लाइनच घेतली नव्हती. दक्षिणेकडच्या काचांतून येणारं ऊन, माणसांच्या अंगची ऊब आणि वर थोडीशी वीज, एवढ्यावर घर चालायचं. सस्कॅचेवान प्रांतातली वीजही बरीचशी कोळशाचीच, म्हणून तीही जपून वापरायची. थर्मोस्टॅट अठराच्या वर न्यायचा नाही, हा नियम. अठरात माणूस मरत नाही, स्वेटर घाला, असं तो हसत म्हणायचा.

घर इतकं घट्ट, तर आत हवा कुठून येणार? त्यासाठी बेसमेंटमध्ये एक यंत्र होतं. शिळी हवा बाहेर टाकायचं, ताजी आत घ्यायचं, आणि जाणाऱ्या हवेतली ऊब येणाऱ्या हवेला द्यायचं. घरात त्याला नुसतं 'मशीन' म्हणत. खोल्याखोल्यांतून छताजवळच्या जाळीतून त्याची बारीकशी झुळूक यायची.

हे घर बघायला युरोपातून लोक यायचे. तीस वर्षांपूर्वी याच गावात असलं एक घर बांधलं गेलं होतं. इथले लोक ते विसरले, जर्मनांनी कल्पना उचलली, आणि आता तिकडे त्यावरून कायदे व्हायला लागले होते. हे देवदत्त प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. आपलं पोर दुसऱ्याच्या घरी मोठं व्हावं तसं त्याला वाटायचं. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार नऊच्या डिसेंबरात, कोपनहेगनला हवामानाची ती मोठी परिषद भरायची होती. तिथल्या एका छोट्या सत्रात बोलायचं आमंत्रण त्याला आलं होतं. पाहुणे आले की तो दोन्ही हात पसरून जे वाक्य म्हणायचा, तेच त्याच्या भाषणाचं नाव होतं: या घरात काहीही जळत नाही.

नेमकी त्याच हिवाळ्यात त्याची बायको, जाई, बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतपणाला साताऱ्याहून तिची आई आली, प्रमोदिनीबाई. वडील, प्रतापराव, गुडघ्यांमुळे मागंच राहिले. बाईंनी बॅगेतून डिंक, अळीव, बाळंतशोपा, ओवा, बाळासाठी जुनी मऊ लुगडी असं सगळं आणलं. फक्त शेगडी काही बॅगेतून आणता येत नाही.

आणि शेगडीशिवाय बाळंतपण कसलं? न्हाऊमाखू घालायचं, मग निखाऱ्यांवर ओवा टाकून बाळाला धुरी द्यायची, बाळंतिणीला शेक द्यायचा. बाईंच्या हातून अर्ध्या गल्लीची बाळंतपणं तशीच निघाली होती. पण जावयाकडे मागायचं कसं? जावयाच्या घरी सासूनं काही मागू नये, कशाला नावं ठेवू नयेत, वाढलं ते खावं, दिलं तिथं झोपावं. बाई त्या वळणाच्या होत्या. म्हणून त्यांनी जाईला सांगितलं, आणि जाईनं जेवताना विषय काढला.

"देवा, आई म्हणत्येय शेगडी करू या का? सीमाकडे समरमधले बार्बेक्यूचे कोळसे उरलेत."

देवदत्तनं घास खाली ठेवला. आता काय सांगावं या माणसाला! बंद घरात निखारे ठेवले तर त्यांच्यातून विषारी वायू निघतो, त्याला वास नाही, धूर नाही, आणि माणूस बसल्या जागी मरतो, हे त्याला माहीत होतं. कुठल्याही इंजिनियरला माहीत असतं. गॅसवाल्या घरांत त्या वायूची सूचना देणारी घंटी असते. याच्या घरात काही जळतच नव्हतं, म्हणून त्यानं ती लावलीसुद्धा नव्हती. तर एवढंच एक वाक्य बोलायचं होतं. "आई, जीव जाईल," बस.

पण तो कोपनहेगनला निघालेला माणूस. डोक्यात भाषण भरलेलं. तो लाकडाच्या कोळशापासून जो सुरू झाला तो क्योटोच्या करारावर गेला, कॅनडानं दिलेला शब्द कसा मोडला त्यावर गेला, बांगलादेशच्या बुडणाऱ्या किनाऱ्यावर गेला. आपण आपल्या सवयी सोडणार नसू तर कुणाला काय तोंडानं सांगायचं? या मुलीच्या वाट्याला कसलं जग येणार? बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. खरंच आले, नाटक नव्हतं ते.

"बरोबर आहे तुमचं," प्रमोदिनीबाई पदर सावरत म्हणाल्या. "नको तर नको. इथं थंडी कुठं जाणवतेय एवढी."

विषय संपला, असं त्याला वाटलं. ज्या घरात एक माणूस तत्त्वाचा असतो त्या घरातली बाकीची माणसं काय करतात, हे त्या माणसाला कधीच कळत नाही. ती हो म्हणतात, आणि तो गावाला गेला की आपलं करतात. पोराला चोरून बिस्कीट द्यावं तसं. त्यात त्यांना पाप वाटत नाही, कारण त्यांच्या लेखी प्रश्न तत्त्वाचा असतो, जिवाचा नसतो. जिवाचा आहे असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

देवदत्तचं विमान गेलं आणि थंडीनं कहर केला. पापण्यांवर बर्फ धरायला लागला. सीमा, ग्रंथालयात नोकरी करणारी त्यांची मैत्रीण, कोळशाचं पोतं घेऊन आली. "मला काही माहीत नाही हं, मी दिलेच नाहीत," म्हणून हसली आणि चहा पिऊन गेली. जाईनं मागच्या दारी बर्फात लोखंडी कढई ठेवून कोळसे पेटवले, चांगले लाल होऊन वर राख धरेपर्यंत बाहेरच ठेवले. धूर आत आला तर धुराचा अलार्म कोकलेल, तेवढी अक्कल तिला होती. मग कढई खाली बेसमेंटमधल्या आईच्या खोलीत नेली.

छताच्या जाळीतून झुळूक येत होती. "बाळंतिणीला वारा लागेल गं," बाई म्हणाल्या. "तो पंखा थोडा वेळ बंद नाही होत?"

होतो की. जाईनं मशीनचा खटका खाली केला.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दार सारखं उघडत होतं, जाई ये-जा करत होती, शेक झाल्या झाल्या तिनं कढई बाहेर नेऊन बर्फात उलटी केली. खोलीभर ओव्याचा वास सुटला होता. बाळ अंग सैल सोडून झोपलं. जाईला कितीतरी वर्षांनी घरी आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या सकाळीही मशीन बंदच होतं. शेक झाल्यावर बाळ रडायला लागलं. जाई त्याला पाजायला वरच्या मजल्यावर घेऊन गेली. "कढई राहू दे जरा," बाई मागून म्हणाल्या. "निखारे चांगले आहेत अजून. मी बसते इथं, जपमाळ ओढते. दार लोटून घे, ऊब जातेय." जाईनं दार लोटून घेतलं. पाजता पाजता तिचाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा डोकं ठणकत होतं. रात्रीच्या जागरणानं असेल, असं तिला वाटलं. ती खाली गेली. आई भिंतीला टेकून बसली होती, दोन शाली गुंडाळून, कढई अगदी पायांशी ओढून घेतलेली. चेहऱ्यावर लाली आली होती. इथं आल्यापासून आई पांढरीफटक दिसायची, ओठ सुकलेले असायचे. आज कशी तजेलदार दिसत होती. जाई क्षणभर दारात उभी राहून बघत राहिली. बरं वाटलं तिला. झोपू दे म्हणाली, वर जाऊन दोघींचा चहा टाकला, आलं किसलं, आणि कप घेऊन खाली आली. हात लावला तेव्हा कळलं. ती लाली उबेची नव्हती, त्या वायूची होती.

कोपनहेगनला तेव्हा संध्याकाळ झाली होती. देवदत्तचं बोलणं नुकतंच संपलं होतं. मोठ्या सभागृहात देश एकमेकांवर खेकसत होते म्हणतात, पण या छोट्या खोलीत सगळी त्याच्यासारखीच माणसं होती, आणि त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. ब्रसेल्सच्या एका बाईनं कार्ड दिलं. एका डॅनिश गृहस्थानं विचारलं, तुमच्या कुटुंबाला अशा घरात राहायला आवडतं का? "खूप," देवदत्त म्हणाला. तेवढ्यात खिशात फोन वाजला. सीमा होती. आधी ती बोलेचना, नुसती रडत होती. जाई आणि बाळ हॉस्पिटलमध्ये आहेत, दोघींना ऑक्सिजन लावलाय, दोघी वाचतील, हे तिनं आधी सांगितलं. मग बाकीचं सांगितलं.

तो परत आला. त्या परिषदेचं पुढं काय झालं, करार झाला की फिसकटला, हे त्यानं विचारलंही नाही.

अंत्यसंस्कार रेजिनातच झाले. प्रतापरावांचा व्हिसा वेळेत होणं शक्यच नव्हतं. महाराष्ट्र मंडळातली पाच-दहा माणसं आली, आपापल्या जाड कोटांत उभी राहिली आणि गेली. घरी आल्यावर जाई बाळाला मांडीवर घेऊन बसली. 

"मशीन मी बंद केलं," ती म्हणाली. "दार मी लोटलं. चहासुद्धा मीच करत बसले."

"जाई, तुला माहीत नव्हतं."

"तुला माहीत होतं ना?"

त्यानं बाळाचं सरकलेलं पांघरूण सारखं केलं.

"तू मला बांगलादेश सांगितलास, देवा. क्योटो सांगितलंस. वॉज इट सो हार्ड? माझी आई मरेल, एवढं म्हणाला असतास तर मी त्या कोळशांना हात लावला असता का?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मग ती हळूच म्हणाली, "शेक बाळासाठी होता, ते खरंय. पण ती नंतर बसून राहिली ती स्वतःसाठी. तिला इथं थंडी वाजायची. रात्री माझे मोजे घालून झोपायची. मला शपथ घातली होती, जावयाला बोलू नकोस म्हणून."

देवदत्त उठून दुसऱ्या खोलीत गेला. आपल्या घरातल्या कुठल्या भिंतीतून किती ऊब जाते हे त्याला तोंडपाठ होतं. महिनाभर समोर जेवायला बसलेल्या बाईचे हात गार आहेत, हे त्याला माहीत नव्हतं. तो पलंगाच्या कडेला बसून ढसाढसा रडला. त्याचं रडणं जाईला ऐकू गेलं. ती आली नाही.

दहाव्याच्या सुमाराला प्रतापरावांचा फोन आला. देवदत्तनंच उचलला. म्हातारा आवाज सावरून बोलत होता, जावयाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून असेल. बाळ कसंय, जाई जेवते का, असं सगळं विचारून झालं.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "रागावू नका. ही दर रविवारी फोनवर सांगायची, जावयांनी घर काय बांधलंय म्हणून. बाहेर बर्फाचे ढीग, आणि आत आपल्या साताऱ्यासारखं ऊबदार. म्हणायची, स्वेटरसुद्धा लागत नाही हो अंगात. मी सकाळी फिरायला जातो तिथं सगळ्यांना सांगायचो."

"हं," देवदत्त म्हणाला.

"मग मला एवढंच कळत नाही, एवढ्या ऊबदार घरात ही कोळशापाशी कशाला बसून राहिली?"

उत्तर तयार होतं. बाळासाठी म्हणून सांगायचं. अर्धं खरंही होतं, आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नसतं. बाळाला खांद्यावर घेऊन जाई दारात येऊन उभी राहिली होती. देवदत्तला वाटलं, आता तरी खरं बोलावं. निदान या माणसाशी खोटं बोलू नये.

"घर गार होतं, बाबा," तो म्हणाला. "मीच ठेवलं होतं तसं. त्यांना थंडी वाजायची. त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही."

 

"असं होय," प्रतापराव म्हणाले. त्यांचा आवाज आता सावरलेला नव्हता. "शेवटचे दिवस तरी ती सुखात होती, एवढंच मी धरून बसलो होतो, जावईबापू."