उंबऱ्याबाहेरचे बूट

हिवाळ्यात घाट बंद झाला की माँटानातलं पाइन गल्च जगापासून तुटायचं. १९८३च्या जानेवारीत नेमकी हीच संधी साधून नऊ गुंडांनी गाव बळकावलं. शेरीफला त्याच्याच कोठडीत कोंडून ते गावातल्या एकुलत्या एक डॉक्टरांच्या, चारुदत्त देवस्थळींच्या दारात येऊन ठाकले. त्यांना दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाची किल्ली हवी होती. ती गेली असती तर घाट उघडेपर्यंत सारं गाव औषधावाचून राहिलं असतं.

डॉक्टरांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला. तेवढ्यात त्यांच्या पत्नी पद्मजाबाई हातात डाव घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी इंग्रजीत ठणकावलं, "बूट बाहेर! आत देवघर आहे. आणि ती लोखंडंही तिथेच ठेवा. आधी जेवा, मग किल्लीचं बघू."

मसालेभाताच्या वासानं म्होरक्या रेक्स विरघळला. नऊ जोड बूट आणि नऊ बंदुका दाराबाहेर राहिल्या.

वाढता वाढता पद्मजाबाई मराठीत पुटपुटल्या, "अहो, आता तरी काही कराल की नाही?"

डॉक्टर मागच्या दारानं सटकले आणि बूट-बंदुकांचा सगळा ढीग त्यांनी शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये भरला. शेजाऱ्यानं ट्रक थेट कोठडीकडे पिटाळला.

ढेकर देत रेक्सनं दार उघडलं. बाहेर गुडघाभर बर्फ होता, आणि त्यात कोठडीतून सुटलेला शेरीफ आणि बंदुका रोखलेले गावकरी.

"डॉक्टर, आमचे बूट?"

"माफ करा हं," डॉक्टर ओशाळून म्हणाले, "घाईत माझेही गेले."