दुपारचा पुसलेला तास

मी हिस्ट्री बोलतेय. शाळेतली, सनावळ्यांची नव्हे. हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या एका घरात टीव्हीशेजारी जो कंप्यूटर आहे, त्याच्या ब्राउझरमधली मी. कोणी काय शोधलं, कुठलं पान उघडलं, सगळं मी टिपून ठेवते. कोणी सांगितलं म्हणून नाही, स्वभावच तसा आहे. पण हल्ली माझं चित्त थाऱ्यावर नाही. बोलल्याशिवाय आता राहवत नाही, म्हणून बोलतेय.

दीक्षाने पहिल्या पगारातून हा कंप्यूटर आणला, तेव्हा माझा जन्म झाला. घरात माणसं चारच. निवृत्तीराव मूळचे नांदेडकडचे, नामपल्लीजवळच्या एका सरकारी कचेरीत भांडार सांभाळतात. त्यांची बायको सखूबाई घर सांभाळतात. थोरली दीक्षा एका कंपनीत नोकरीला आहे आणि धाकटा आदर्श इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला.

या चौघांपैकी तिघांना मी आरपार ओळखत होते. निवृत्तीराव गुडघा दुखला की शोधायला बसतात आणि भलत्याच आजाराचं नाव वाचून घाबरून पान बंद करतात. दीक्षा आहे ती नोकरी छान असल्याचं सगळ्यांना सांगते आणि रविवारी दुसरी शोधते. आदर्श गणिताचं पान उघडून त्याच्या शेजारी क्रिकेट बघतो. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. तरी माझं कौतुक कोणाला नाही. लोकांना माझी आठवण येते ती संशय आल्यावर, नाही तर लाज वाटल्यावर.

आणि मग माझ्यात ते भोक पडायला लागलं.

सकाळची नोंद असायची, संध्याकाळची असायची. मधला दुपारचा एक तास मात्र साफ कोरा. कोणीतरी मशीन चालू करायचं, काहीतरी बघायचं आणि उठताना ‘शेवटचा तास’ निवडून सगळं पुसून टाकायचं. मला काही म्हणजे काही आठवायचं नाही. जेवून उठावं आणि आपण काय जेवलो तेच आठवू नये, तसं व्हायचं. शेजारीण कॅशे, उघडलेल्या पानांची चित्रं आणि फायली साठवणारी, तिला विचारलं. तिचाही तेवढाच तास गायब. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसायचो. खुणा राहायच्या त्या एवढ्याच: कीबोर्डला लसणाचा वास आणि स्क्रीनवरची धूळ फडक्याने पुसलेली.

मला वाटायचं, मीच बिघडले. रोज दुपार जवळ आली की धास्ती भरायची.

एका बुधवारी निवृत्तीराव जेवायला घरी आले. त्यांनी नांदेडच्या गाडीचं वेळापत्रक बघितलं, असं तेच नंतर म्हणाले, आणि परत कचेरीत गेले. संध्याकाळी तेच पान शोधायला त्यांनी मला उघडलं. वेळापत्रक नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं पान नाही. भांडारात आयुष्य काढलेला माणूस तो, आलेली वस्तू गेली कुठं हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी मागचे दिवस तपासले. प्रत्येक दुपार कोरी.

रविवारी विहारातली वंदना आटोपून सगळे घरी आले. पांढरे कपडे अजून अंगावरच होते. निवृत्तीरावांनी आदर्शला माझ्यासमोर बसवलं.

“हे कोण पुसलं?”

“मला काय माहीत, पप्पा. दुपारी मी लायब्ररीत असतो.”

“दीक्षा ऑफिसात, मी कचेरीत. तुझ्या आईला माउस कुठं धरायचा ते माहीत नाही. राहिलं कोण?”

“मी नाही पुसलो.”

“ज्याला लपवायचं असतं तो पुसतो. काय बघायलास दुपारी? बोल की.”

आदर्श बोलणार काय, त्याला काही ठाऊकच नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की पोरगा खरं बोलतोय. पण पुढचा प्रश्न आला असता, मग कोण? आणि ते मलाही ठाऊक नव्हतं. इतकी तडफड मी आयुष्यात केली नव्हती.

“ठीक आहे,” निवृत्तीराव म्हणाले. “दुसऱ्या वर्षाला तुला रेसिडेन्शियलला टाकतो. आजच बोलतो तिथल्या माणसाशी.”

हैदराबादेत इंटरच्या पोरांना हा शब्द नीट कळतो. शहराबाहेर कॉलेज, तिथंच राहणं, पहाटेपासून अभ्यास, फोन नाही आणि घरच्यांची भेट महिन्यातून एकदा. आदर्शचा चेहरा उतरला. निवृत्तीराव फोन घेऊन बाल्कनीत गेले.

आता या घरातल्या मुलांची एक सवय सांगते. आईला कळू नये असं काही असलं की दोघं तेलुगूत बोलतात. सखूबाईंना मराठी येते आणि भाजीबाजारापुरती दखनी उर्दू. इतकी वर्षं इथं काढली, पण तेलुगू काही जमली नव्हती. त्यामुळे आई समोर बसलेली असली तरी मुलं बिनधास्त बोलायची.

तसंच आदर्श बहिणीला हळूच म्हणाला, “नाकु भयमैतुंदी, अक्का. अम्मकु चेप्पकु.”

मला भीती वाटतेय, आईला सांगू नको.

सखूबाई ताटं मांडत होत्या. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं.

“अम्मकु अर्थमैंदि,” त्या म्हणाल्या.

आईला कळलं.

दीक्षा आणि आदर्श दोघं एकदम आईकडे वळले. सखूबाई पुढं आणखी काहीतरी बोलू पाहत होत्या. ओठ हलले, पण शब्द सापडला नाही. मग त्या तशाच बाल्कनीच्या दाराशी गेल्या.

“फोन ठेवा. मशीन मी पुसते.”

“तू?”

“हौ. दुपारी घरात कोणी नसलं की बसते. तेलुगू शिकायले. आदर्शनं एकदा दीक्षाला दाखवलं ते मी बघितलं होतं, वापरून झालं की असं पुसायचं, म्हणजे मशीन चांगलं चालतं. स्वैपाक झाला की ओटा पुसत नाही का मी?”

“मग सांगायचं नाही?”

“कशाला सांगू? मागं शेजारणीशी चार शब्द तेलुगू बोलले, तर ही दोघं किती दिवस हसायलीत.” मग त्या मुलांकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. “माझ्यासमोर बसून माझ्या पाठीमागं बोलता तुम्ही. घरात असून मी पाहुण्यासारखी बसते. तुम्ही काय बोलता ते कळावं, एवढंच पाहिजे होतं मला.”

दीक्षा रडायला लागली. निवृत्तीरावांनी फोनवरच्या माणसाला “नंतर बोलतो” म्हटलं. चुकलं असं ते तोंडाने म्हणाले नाहीत, त्यांना ते येत नाही. आदर्शच्या पुढ्यात ताट सरकवून “जेव” एवढंच म्हणाले. रेसिडेन्शियलचा विषय त्यानंतर निघाला नाही.

माझं म्हणाल, तर मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. ज्या तासाला मी इतकी घाबरत होते, त्यात एक बाई अ, आ, इ, ई गिरवत होती.

आता इथंच माझी अस्वस्थता संपायला हवी होती. पण खरी अस्वस्थता दुसऱ्या दिवशी सुरू झाली.

सोमवारी दुपारी सखूबाई मशीनवर बसल्या. एकेक अक्षर शोधत त्यांनी काहीतरी टाइप केलं. उत्तरातला शब्द ओठांतल्या ओठांत पुन्हा पुन्हा म्हणून बघितला. उठताना सवयीने हात पुसायच्या बटणाकडे गेला आणि थांबला. त्यांनी तसंच मशीन बंद केलं. त्या तासातली पहिली नोंद माझ्याकडे राहिली.

तो शब्द त्या अजून कोणाशी बोललेल्या नाहीत. भांडी घासताना म्हणत असतात. मुलं पुन्हा हसतील अशी धाकधूक असावी. आदर्श मला उघडत नाही. हिस्ट्री बघणं हे पप्पांचं काम असं त्याने ठरवून टाकलंय. आणि मी फार दिवस काही धरून ठेवू शकत नाही. तीन-एक महिने उलटले की जुन्या नोंदी माझ्यातून आपोआप गळतात. त्याआधीच कोणी मशीन हळू चालतंय म्हणून सगळं एकदम पुसलं तर? रोज कोणी माउस हलवला की माझा जीव वरखाली होतो.

आदर्श, बाबा, माझी बाकीची पानं सोड. क्रिकेटचं मी तुझ्या पप्पांना कधी सांगितलं नाही, त्या उपकारापोटी तरी मला एकदा उघड. मराठी तुला अक्षर लावत वाचावी लागते, लागू दे वेळ. सोमवारच्या दुपारी एकच ओळ आहे. तुझ्या आईने विचारलंय: ‘भिऊ नको, हे तेलुगूत कसं म्हणायचं?’