मधले तीन आठवडे

मान डोलवायची नाही. पेशंट बोलत असताना 'हं' म्हणायचं नाही. घरचं विचारायचं नाही. प्रश्न छापलाय तसा वाचायचा आणि गप्प बसायचं.

दोन पांढऱ्या गोळ्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीत औषध, दुसरीत पिठीसाखर. कोणती कोणाच्या पोटात गेली ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही, घेणाऱ्यालाही नाही.

संत्र्याची साल. नवऱ्याचा शर्ट धुवायला टाकताना खिशात सापडलेली.

औषध मेंदूत काही तासांत पोचतं. उदास माणूस मात्र उठून बसायला तीन आठवडे घेतो.

भिंतीपलीकडून हसणं. पुरुषाचं.

हसणं ओळखीचं होतं, हीच तर पंचाईत.

मनाच्या आजारांवरच्या औषधांचं संशोधन करणाऱ्या त्या विभागात तिला सगळे मापारीण म्हणत, आणि तिला ते आवडायचं. धान्य मोजणाऱ्यानं ना विकणाऱ्याकडे पाहावं, ना घेणाऱ्याकडे. उदासीवरच्या, भ्रमावरच्या गोळ्या मेंदूत नेमकं काय करतात, आणि तासांत पोचलेल्या औषधाला माणूस उठवायला आठवडे का लागतात, यात तिनं उमेदीची वर्षं घातली होती. मधले तीन आठवडे हा तिचा प्रांत. आता एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. निम्म्या पेशंटना औषध, निम्म्यांना साखर. दर आठवड्याला एकेकाला खोलीत बोलवायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे आणि त्याच्या उदासीला आकडा द्यायचा. आकडा देणाऱ्या दोघी: मापारीण, आणि शेजारच्या खोलीतली.

शेजारीण कानामागून आली आणि तिखट झाली. वयानं लहान, बोलायला ऐसपैस, टेबलावर संत्र्यांची टोपली. तिच्याकडे रडत गेलेली माणसं संत्रं सोलत बाहेर येत. आणि बरी होत. एवढी बरी होत की शिपाईसुद्धा म्हणाला, "हाताला गुण आहे बाईंच्या."

मापारिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. गुण औषधाला असतो. हाताला कसला आलाय?

तरी तेवढ्यावर भागलं असतं. पण आता भिंतीपलीकडे तिचा नवराच हसत होता.

नवरा इमारतींचे नकाशे काढायचा. गेले कित्येक महिने त्यानं पेन्सिल उचलली नव्हती. तिनंच त्याला इथल्या एका जुन्या डॉक्टरांकडे नेलं, चाचणीबाहेरच्या नेहमीच्या गोळ्या सुरू करवल्या. त्या न्यायला तो यायचा आणि तिची वाट बघत थांबायचा. कुठे थांबायचा, ते साल सापडल्यावर कळलं.

"तू तिच्याकडे जाऊन बसतोस?"

"तुझं दार बंद असतं," भाजी चिरता चिरता तो म्हणाला. "तिचं उघडं असतं."

"काय बोलता एवढं?"

"काही नाही गं. ती विचारते, आणि मग थांबते."

"मीही विचारतेच की."

"विचारतेस ना. झोप कशी लागली: नीट, थोडी मोडलेली, फार मोडलेली, की लागलीच नाही? परवा इथेच विचारलंस. मी म्हणालो, आई स्वप्नात आली होती. तू म्हणालीस, यातलं एक निवड."

"तुझी गोळी लागू पडतेय. तिसरा आठवडा आहे. यात तिचा काय संबंध?"

"नसेल बुवा." तो हसला. तेच हसणं, पण मापात कमी. "स्वभावाला औषध नाही म्हणतात. तू एवढं संशोधन करतेस, तेवढं एक काढ."

शेजारणीला चाचणीतून घालवायचं, असं तिनं त्या रात्रीच ठरवलं. मनात पोटदुखी, तोंडी शास्त्र.

"सर," ती विभागप्रमुखांना म्हणाली, "तिच्या खोलीत ऊन येतं. खुर्ची मऊ आहे. माझ्याकडे अंधार आणि लोखंडी खुर्ची. खोल्या बदलून बघू या का?"

सर खूश. मापारीण त्यांनीच घडवलेली. मान न डोलवण्याचे नियम त्यांनी एके काळी तिला समोर बसवून घोटून घेतले होते.

सुरी खरबुजावर पडो की खरबूज सुरीवर. माणसं मापारिणीसमोरही उन्हाच्या खोलीत बरी झाली, तर श्रेय उन्हाचं. शेजारणीबरोबर अंधाऱ्या खोलीत जाऊनही बरी झाली, तर शेजारीण हाच चाचणीतला दोष, आणि दोष काढायचा असतो. पण खरं सांगायचं तर तिला ऊन जिंकायला हवं होतं. ऊन जिंकलं असतं, तर नवराही उन्हालाच हसत होता असं म्हणता आलं असतं.

खोल्या बदलल्या. हसणं बदललं नाही. आधी उजवीकडून यायचं, आता डावीकडून येऊ लागलं.

काही महिन्यांनी सरांनी दोघींना बोलावलं.

"हिचे जवळजवळ सगळेच पेशंट सुधारलेत," ते शेजारणीकडे बघत म्हणाले. "निम्मे तर साखर खाताहेत! हिच्यापुढे औषध आणि साखर यांत फरकच उरत नाही. मग गोळी काय करते ते कळायचं कसं? मापारीणबाईंचं बघा. निम्मे उठले, निम्मे तसेच. कसं स्वच्छ! यांच्या खोलीत उगाच कोणी बरं होत नाही."

एवढी मोठी शाबासकी तिला कधी मिळाली नव्हती. ती तिनं मान न डोलवता ऐकली.

"मला काढलं म्हणायचं का, सर?" शेजारणीनं विचारलं.

"चाचणीतून. खाली, रोजच्या पेशंटना बघत जा."

"प्रश्नावलीशिवाय?"

"प्रश्नावलीशिवाय."

"ताई," बाहेर आल्यावर तिनं मापारिणीचे दोन्ही हात धरले, "तुमच्यामुळे सुटले हो मी! किती जीव घुसमटायचा तिथे."

मापारिणीनं हात सोडवून घेतले. ते संत्र्याच्या वासाचे झाले होते.

संध्याकाळी नवरा टेबलावर कागद पसरून बसला होता. पेन्सिलीला टोक केलेलं.

"शेजारीण आता वर नसते," तिनं सांगितलं. "खालच्या मजल्यावर बसते."

"अरे वा," तो रेघ ओढत म्हणाला. "बरं झालं. जिना चढायचा वाचला."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. तिला रडू यायला हवं होतं. तिनं ते मनातल्या मनात मोजलं: थोडं.

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या खोलीत एक म्हातारा शिंपी आला. मऊ खुर्चीच्या अगदी कडेला टेकला.

"गेल्या आठवड्यात मन किती उदास होतं?"

"मांजर व्याली," तो म्हणाला. "माझ्या कापडाच्या खोक्यात." आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

तिची मान अर्धी खाली आली. मग तिनं ती तिथेच धरली आणि छापलेला प्रश्न पुन्हा वाचला.

तिच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी, सरांनी ते नियम घोटून घेण्याआधी, साखरेच्या गोळीवर सगळ्यात जास्त माणसं बरी झाली होती, ती मापारिणीच्या खोलीत.